'मी तर बारीक आहे!': भारतीय शरीरातील चरबी मोजायची कशी?

११ ऑक्टोबर १९५६. धम्मदीक्षेसाठी नागपुरात आलेले बाबासाहेब सीताबर्डीच्या श्याम हॉटेलमध्ये उतरले. १३ तारखेला तिथेच त्यांनी पत्रकारांच्या प्रश्नांना उत्तरे दिली आणि १४ तारखेला ते दीक्षाभूमीवर गेले. हा इतिहास आपल्याला पाठ आहे. पण त्या दिवसांतली एक गोष्ट आपण ओझरती वाचतो आणि पुढे जातो. बाबासाहेब तेव्हा ६५ वर्षांचे होते. मधुमेहाने त्यांचे शरीर पोखरले होते, पाय दुखत होते, चालताना काठीचा आणि सहकाऱ्याच्या खांद्याचा आधार लागत होता. दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आज तोच मधुमेह आपल्या घराघरांत आहे. आणि तो फक्त जाड माणसांना होतो, हा समज अजूनही पक्का आहे. बर्डीच्या मेन रोडवर फूटपाथवरच्या वजनकाट्यावर उभे राहायचे, आकडा साठ-बासष्ट दिसला की "मी तर बारीक आहे, मला काय होणार?" म्हणत तर्री पोह्याच्या ठेल्याकडे वळायचे, हे आपण सगळेच करतो. शर्ट नीट बसतो, चेहरा भरलेला नाही, हातपाय काटकुळे आहेत. मग शुगर कशी वाढली? चाळिशीच्या आत रिपोर्ट हातात पडतो तेव्हा हा प्रश्न पडतो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

या प्रश्नाचे उत्तर वजनात नाही, वजन कशाचे आहे त्यात आहे. एकाच वजनात हाडे, स्नायू, पाणी आणि चरबी किती, हे माणसागणिक बदलते आणि समाजागणिकही बदलते. जगभर वापरले जाणारे चरबीचे बहुतेक जुने आडाखे युरोप-अमेरिकेतल्या शरीरांवर बसवलेले आहेत. ते आपल्या शरीराला लावले तर ते आपल्याला खोटा दिलासा देतात. म्हणून हा विषय प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेतला पाहिजे.

बीएमआय आला कुठून?

बीएमआय म्हणजे किलोमधले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे गणित १८३० च्या दशकात अॅडॉल्फ क्वेटले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाने मांडले. तो डॉक्टर नव्हता. 'सरासरी माणूस' कसा असतो हे त्याला आकड्यांत पकडायचे होते. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेचे अॅन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक लोकांवर हे गणित तपासले आणि त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. ते सगळे पुरुष होते. भारत त्या पाच देशांत नव्हता.

पुढे याच निर्देशांकावर जगाच्या रेषा ठरल्या. १८.५ च्या खाली कृश, २५ पर्यंत ठीक, २५ च्या वर जादा वजन, ३० च्या वर लठ्ठपणा. आपल्याकडच्या दवाखान्यांच्या भिंतींवर अनेक वर्षे हाच तक्ता लटकत राहिला.

बीएमआय निरुपयोगी नाही. त्याला पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही. हजारो लोकांची तुलना करायला तो चांगला आहे. पण त्याला चरबी दिसत नाही. गोदामात पोती उचलणारा हमाल आणि दिवसभर खुर्चीत बसणारा कारकून यांचा बीएमआय अगदी सारखा येऊ शकतो. एकाचे वजन स्नायूंचे असते, दुसऱ्याचे पोटाचे.

पुण्याचे डॉक्टर आणि लंडनचे डॉक्टर

हे सर्वांत सोप्या रीतीने दाखवून दिले ते आपल्या महाराष्ट्रातल्या एका संशोधकाने. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी जानेवारी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपला स्वतःचा फोटो आणि स्वतःचे आकडे छापले. दोघांचा बीएमआय एकच होता: २२.३. म्हणजे तक्त्यानुसार दोघेही एकदम ठीक. पण डेक्सा यंत्राने तपासल्यावर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' असे नाव पडले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते, याज्ञिक नव्हते, आणि हे त्या दोघांनीच गमतीने लिहून ठेवले आहे. दोन माणसांवरून सिद्धांत ठरत नाही. तो फोटो लोकांच्या डोळ्यांत भरावा म्हणून होता. खरा पुरावा त्याआधीच पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत जमा झाला होता.

काटकुळे बाळ, तरीही चरबी

१९९३ पासून याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. या शेतात राबणाऱ्या आया होत्या. गरोदरपणाआधी त्यांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास आणि उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास होती. त्यांच्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी केली. तिथले बाळ सरासरी ३.५ किलोचे, आपले २.७ किलोचे.

आठशे ग्रॅमचा फरक. तो कुठे पडला होता? उंची, डोके, हातापायांचे स्नायू, पोटातले अवयव, सगळेच कमी होते. पण पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली चिमटा घेऊन मोजलेला चरबीचा थर मात्र त्या मानाने फारच थोडा कमी होता. म्हणजे गर्भात अन्न कमी पडले तेव्हा स्नायूंच्या वाट्याचे कापले गेले आणि चरबी राखली गेली. २००३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि 'थिन-फॅट इंडियन बेबी' हा शब्द जगभर रूढ झाला. दिसायला किडमिडे, आतून चरबीदार.

हेच बाळ पुढे शिकते, शहरात येते, खुर्चीवर बसून काम करते, दोन वेळ पोटभर खाते. स्नायू मुळात कमी. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सर्वांत जास्त ओढून घेतात ते स्नायू. तेच कमी असले तर साखर रक्तात रेंगाळते. दुसरीकडे कातडीखाली चरबी साठवण्याची जागा भरली की उरलेली चरबी पोटाच्या आत आतड्यांभोवती आणि यकृतात जाऊन बसते, असे संशोधकांचे म्हणणे आहे. या आतल्या चरबीमुळे इन्सुलिनचा असर कमी होतो. हातपाय बारीक आणि पोट तेवढे पुढे, ही आपल्याकडची ओळखीची आकृती अशी तयार होते.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतले कितीतरी लोक एम्प्रेस मिलमध्ये पाळीवर उभे राहून राबले, कितीतरी शेतमजुरी करत राहिले. भूक आणि कष्ट दोन्ही त्यांच्या वाट्याला आले. आपल्या पिढीला खुर्ची मिळाली, ती शिक्षणाने आणि संघर्षाने मिळाली. पण शरीराचा हिशेब तीन पिढ्यांचा असतो.

मग हा 'वंशा'चा फरक आहे का?

इथे आपल्या वाचकाच्या मनात शंका येणारच. 'भारतीय शरीर वेगळे' म्हणायचे, मग उद्या कुणी 'अमक्या जातीचे शरीर वेगळे' म्हणेल. शरीरे मोजून माणसांची उतरंड लावण्याचा धंदा आपण पाहिला आहे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींचा दर्जा ठरवायला निघाले होते.

बाबासाहेबांनी या मोजमापापासून तोंड फिरवले नाही. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी डॉ. घुर्ये यांनी मांडलेले नाकाचे तेच आकडे उलटतपासणीला घेतले आणि दाखवून दिले की या मोजमापावर विश्वास ठेवायचा असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. अस्पृश्यता वंशातून आली हा सिद्धांत त्यांनी त्याच आकड्यांनी पाडला. मोजमाप वाईट नसते. ते कुणावर केले, कशासाठी केले आणि त्यातून काय निष्कर्ष काढला, हे विचारायचे असते.

चरबीच्या बाबतीतही तेच प्रश्न विचारू. डच संशोधक पॉल डॉयरेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये जगातल्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र केले. शरीरात चरबी तेवढीच असताना गोऱ्या लोकांच्या तुलनेत बीएमआय किती असतो, हे त्यांनी पाहिले. इंडोनेशियातल्या लोकांचा तो ३.२ ने कमी निघाला. पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियन लोकांचा ४.५ ने जास्त. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा १.३ ने जास्त, तर इथिओपियातल्या लोकांचा ४.६ ने कमी.

शेवटची दोन वाक्ये पुन्हा वाचा. वंशवादी ज्यांना एकाच 'काळ्या वंशात' कोंबतात, त्यातले दोन समूह रेषेच्या दोन विरुद्ध बाजूंना आहेत. म्हणजे हा फरक कातडीच्या रंगाने ठरत नाही. शरीराची ठेवण, पायांची लांबी, कष्ट, अन्न आणि पिढ्यान्‌पिढ्यांची भूक यांचा तो हिशेब आहे.

आणखी एक पुरावा थेट युरोपातला आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन ताब्यातल्या हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. त्या काळात आईच्या पोटात असलेली मुले मोठी झाल्यावर तपासली, तेव्हा त्यांच्या रक्तातली साखर आटोक्यात राहण्यात अडचण दिसून आली. ती गोऱ्या डच आईबापांची मुले होती. भुकेला वंश नसतो. गर्भातली भूक कुणाच्याही शरीरावर आपली खूण सोडते. काही समाजांना ती एका हिवाळ्यापुरती भोगावी लागली, काहींना शतकानुशतके.

म्हणून 'भारतीयांसाठी वेगळी रेषा' म्हणजे 'भारतीयांचे रक्त वेगळे' असे नाही. ती धोक्याची सूचना लवकर मिळावी म्हणून केलेली सोय आहे. सोय आहे म्हणूनच ती पुन्हापुन्हा तपासावी लागते. अमेरिकेत मूत्रपिंडाचे काम मोजण्याच्या सूत्रात कृष्णवर्णीयांसाठी एक वेगळा गुणक होता. त्यामुळे त्यांचा आजार प्रत्यक्षापेक्षा सौम्य दिसत होता. २०२१ मध्ये तिथल्या तज्ज्ञ संस्थांनी तो गुणक काढून टाकण्याची शिफारस केली. वांशिक दुरुस्ती कधी माणसाला वाचवते, कधी त्याला उपचारापासून लांब ठेवते. प्रत्येक वेळी कसोटी एकच: यातून आजार लवकर सापडतो की लपतो?

आपल्यासाठी रेषा कुठे?

ज्या 'लॅन्सेट'मध्ये तो फोटो आला, त्याच अंकात जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे कृतीचे टप्पे सुचवले. २००९ मध्ये भारतातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन ठरवले की भारतीयांत २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानावा. कंबरेच्या घेराची मर्यादाही ठरली: पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर.

हे आकडे किती फरक पाडतात, ते किलोत बघू. उंची १६५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण पाच फूट पाच इंच. या उंचीला जुन्या तक्त्यानुसार लठ्ठपणा सुमारे ८२ किलोला सुरू होतो. भारतीय रेषेनुसार ६८ किलोला. २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे पंधरा लाख लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. गोऱ्या माणसाला बीएमआय ३० असताना मधुमेहाचा जेवढा धोका असतो, तेवढाच धोका दक्षिण आशियाई माणसाला २३.९ ला असतो, असे त्यात दिसले. आपल्या १६५ सेंटिमीटरच्या माणसासाठी २३.९ म्हणजे ६५ किलो. गोऱ्या माणसाला ८२ किलोला वाजणारी धोक्याची घंटा आपल्यासाठी ६५ ला वाजते. सतरा किलो आधी. आणि आपण ६५ किलोला स्वतःला 'फिट' समजतो.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीत बीएमआयनुसार लठ्ठ २८.६ टक्के निघाले, पण कंबरेच्या घेरानुसार ३९.५ टक्के. या दोन आकड्यांतली दरी म्हणजे काट्यावर 'ठीक' दिसणारी पण पोटात चरबी बाळगणारी माणसे. "मी तर बारीक आहे" म्हणणारे बहुधा याच दरीत उभे असतात.

चरबी मोजण्याच्या पद्धती: प्रत्येकीचे मर्म

जिवंत माणसाची चरबी काढून तोलता येत नाही. म्हणून सगळ्या पद्धती अंदाजाच्या आहेत. कुठला अंदाज कशावर उभा आहे, हे कळले की फसवणूक टळते.

*पाण्याखालचे वजन.* चरबी पाण्यापेक्षा हलकी, बाकीचे शरीर पाण्यापेक्षा जड. माणसाला पाण्यात बुडवून तोलले की त्याची घनता कळते आणि घनतेवरून चरबीचा टक्का काढता येतो. पण या गणितात सर्वांची हाडे-स्नायू सारख्याच घनतेचे धरलेले असतात. प्रत्यक्षात तसे नसते.

*चिमटा.* दंडाची पुढची आणि मागची बाजू, फऱ्याखालची पाठ आणि कंबरेच्या हाडावरचा भाग, अशा चार ठिकाणी कातडीचा चिमटा कॅलिपरने मोजतात. याची प्रसिद्ध सूत्रे १९७४ मध्ये डर्निन आणि वुमर्सली यांनी ग्लासगोतल्या लोकांवरून बनवली. आपली चरबी धडावर आणि पोटात जास्त, हातापायांवर कमी. त्यामुळे ग्लासगोचे सूत्र जसेच्या तसे लावले तर अंदाज चुकू शकतो.

*बीएमआयवरून काढलेला टक्का.* मोबाइल अॅपमध्ये आणि वेबसाइटवर जो 'बॉडी फॅट' दिसतो, त्यामागे बऱ्याचदा डॉयरेनबर्ग यांचे १९९१ चे सूत्र असते: बीएमआय गुणिले १.२, अधिक वय गुणिले ०.२३, वजा ५.४, आणि पुरुष असेल तर आणखी वजा १०.८. समजा ३२ वर्षांचा तरुण, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६२ किलो. बीएमआय २२.८. सूत्र सांगते, चरबी साधारण साडेअठरा टक्के. तरुण खूश. पण हे सूत्र डच लोकांवरून बनले आहे, आणि तिथेही त्यात चारेक टक्क्यांची चूक गृहीत धरलेली आहे. आपल्या तरुणाची खरी चरबी याहून बरीच जास्त असू शकते. सूत्र बनवणाऱ्या संशोधकाने स्वतःच पुढे जगभरचे आकडे जमवून त्याची मर्यादा दाखवली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

*जिममधले यंत्र.* दोन्ही हातांत मूठ धरायची, पायाखाली धातूच्या पट्ट्या, आणि मिनिटभरात छापील कागद. हे यंत्र शरीरातून अगदी बारीक वीज सोडते. स्नायूंत पाणी जास्त असते म्हणून वीज सहज जाते, चरबीतून अडखळते. यंत्राला मिळतो तो फक्त हा अडथळा. पुढचा टक्का ते आतल्या सूत्रातून काढते आणि ते सूत्र कुठल्यातरी लोकसमूहावर बनलेले असते. भरपूर पाणी प्यायले, घाम गाळला, जेवण झाले की आकडा हलतो. एकाच यंत्रावर, सकाळी उपाशीपोटी, महिन्या-दोन महिन्यांनी मोजून कल पाहायला ते ठीक आहे. पण एका कागदावरून घाबरू नका आणि त्याच कागदावरून महागडी पावडरही विकत घेऊ नका.

*डेक्सा.* दोन वेगवेगळ्या ताकदीचे क्ष-किरण वापरून हाडे, चरबी आणि बाकीचा भाग वेगळा दाखवणारे यंत्र. या सगळ्यांत अधिक विश्वासाचे. पण ते मोठ्या केंद्रांत असते, खर्चिक असते आणि वस्तीतल्या शिबिरात नेता येत नाही.

साधारणपणे पुरुषांत २५ टक्क्यांवर आणि स्त्रियांत ३० ते ३५ टक्क्यांवर चरबी गेली की ती जादा मानतात. पण वस्तीतल्या माणसाला हा टक्का दशांशापर्यंत कळण्याची गरज नाही. त्याला कळायला हवे ते एवढेच: चरबी पोटात साठते आहे का? आणि ते शिंप्याची टेप सांगते.

टेप कशी लावायची?

पँटचा नंबर म्हणजे कंबरेचा घेर नाही. पोट पुढे आले की पँट पोटाखाली सरकते आणि नंबर तोच राहतो. योग्य रीत अशी: सरळ उभे राहा, पोटावरचा कपडा बाजूला करा. सर्वांत खालची बरगडी आणि कंबरेच्या हाडाचा वरचा काठ बोटाने शोधा. दोघांच्या मधोमध टेप आडवी, जमिनीला समांतर धरा. श्वास नेहमीसारखा सोडा आणि सोडल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढू नका, टेप आवळू नका. दोनदा मोजा.

पुरुष ९० आणि स्त्री ८० सेंटिमीटर, ही मर्यादा. त्याहून सोपा एक नियम: कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. आपल्या १६५ सेंटिमीटरच्या तरुणासाठी निम्मे म्हणजे साडेब्याऐंशी. त्याचा बीएमआय २२.८, म्हणजे भारतीय तक्त्यातही 'ठीक'. पण टेप ९१ दाखवत असेल तर त्याने रक्तातली साखर तपासून घ्यावी. हे आकडे प्रौढांसाठी आहेत. गरोदर स्त्रियांना आणि मुलांना ते लावू नयेत.

विदर्भासाठी एक खास सावधगिरी

साखर तपासताना आपल्या भागात आणखी एक खाचखळगा आहे. विदर्भात बौद्ध समाजासह अनेक समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ही तपासणी हिमोग्लोबिनवर अवलंबून असते. सिकलसेलच्या रुग्णात (एसएस) ती भरवशाची नाही. वाहकात (एएस) सुद्धा काही वेळा साखर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते. म्हणून घरात सिकलसेल असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा आणि उपाशीपोटीची व ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांची साखर तपासून घ्या. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेहाची शक्यता धरून डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा खात्री करून घ्यावी.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने २००५ मध्ये भारतीयांसाठी एक साधी गुणपत्रिका बनवली. तिच्यात चारच गोष्टी आहेत: वय, कंबरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि आईवडिलांना मधुमेह आहे का. वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण, ५० च्या पुढे ३०. घेर पुरुषांत ९० ते ९९ आणि स्त्रियांत ८० ते ८९ असेल तर १०, त्याहून जास्त असेल तर २०. व्यायामही नाही आणि कष्टाचे कामही नाही, तर ३०. दोन्हींपैकी एकच असेल तर २०. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज ६० किंवा जास्त आली तर धोका मोठा. यात वजन कुठेच नाही, हे लक्षात घ्या.

सरकारी यंत्रणेतही हे आलेले आहे. ३० वर्षांवरील प्रत्येकासाठी आशाताई जो सी-बॅक फॉर्म भरतात, त्यात कंबरेच्या घेराचा रकाना आहे. आपल्या वस्तीत तो रकाना खरोखर टेप लावून भरला जातो का, की अंदाजाने? आशाताईंकडे टेप आहे का? स्त्रियांना आडोसा मिळतो का? हे विचारणे आपले काम आहे. ते विचारताना आशाताईंवर डाफरू नका. त्यांच्या डोक्यावर आधीच दहा कामे असतात. त्यांच्यासोबत उभे राहा.

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर आणि १४ एप्रिलला वस्त्यावस्त्यांत आरोग्य शिबिरे लागतात. तिथे बहुतेक वेळा वजन आणि बीपी होते. या वर्षी त्या टेबलावर एक टेप, उंची मोजायला भिंतीवर एक पट्टी आणि वरची गुणपत्रिका ठेवा. एका माणसाला तीन मिनिटे लागतात. विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर हेच करता येईल. ज्यांचे गुण ६० च्या वर येतील त्यांना नुसता कागद देऊन सोडू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात साखर तपासायला कोण नेणार, ते तिथेच ठरवा.

आणि ज्यांचा घेर जास्त निघेल त्यांना लाजवू नका. पोट सुटणे हा गुन्हा नाही. स्नायू वाढले आणि पोटाची चरबी घटली की इन्सुलिनचा असर सुधारतो. रोज अर्धा-पाऊण तास भराभर चालणे, आठवड्यातून दोन-तीन दिवस दंड-बैठकांसारखा जोर लागणारा व्यायाम, ताटात भात-पोळी थोडी कमी आणि डाळ, अंडी, मासे, भाजी थोडी जास्त. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या आपल्या मुलामुलींनी भरती झाल्यावर किंवा भरतीचे वय निघून गेल्यावर धावणे सोडू नये, एवढे जरी झाले तरी पुष्कळ.

एकदा आपल्या घरापासून सुरुवात करा. आई, वडील, मोठा भाऊ, वहिनी, स्वतः. वहीत प्रत्येकाची उंची आणि कंबरेचा घेर लिहा. उंचीच्या निम्म्याहून घेर जास्त असलेली नावे गोल करा आणि त्यांची साखर या महिन्यातच तपासून घ्या.